चाळीस सेकंदांचा संसार

२९ जून, रविवार

कथा परत आली. या वर्षातली तिसरी. संपादकांचा निरोप व्हॉट्सअॅपवर : "भाषा प्रौढ आहे. मूळ प्रसंग मात्र अकराव्या पानावर सुरू होतो. दिवाळी अंकासाठी ऑगस्टअखेर एक पाठवा, पण छोटी."

प्रौढ. म्हणजे म्हातारी.

एकीकडे दैनिकवाले माझी बातमी कापून चार ओळींची करतात आणि छापतात. दुसरीकडे हे सोळा पानं, एका स्वल्पविरामालाही धक्का न लावता, तशीच्या तशी परत करतात. जास्त राग कोणाचा करावा ते ठरत नाही.

संध्याकाळी बेल्याहून सुमनचा फोन. धाकटी बहीण, पण बोलणं थोरलीचं. "दादा, वृषालीचा नवा फोटो काढून पाठव. पांढरकवड्याचं स्थळ हाय. पोरगा बँकेत हाय." वृषाली तिची मुलगी. इथं, तेलुगू मुलखात, मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. वय एकतीस. आतापर्यंत अकरा जण पाहून, पोहे खाऊन गेले. फोटोचं सांगितलं तर वह्यांतून मान वर न करता म्हणाली, "जुनाच पाठवा मामा. मी काई बदलली नाही."

२ जुलै, बुधवार

सौ.ची तेलुगू मालिका साडेसात ते आठ. मालिका चालू असताना मी गप्प, जाहिराती लागल्या की बोलायला मोकळा, असा आमचा जुना करार. आज उलटं झालं. जाहिरात लागली, सौ. म्हणाली, "उद्या भेंडी..." आणि मी म्हटलं, "शू."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बहुधा ताप मोजणार होती.

सिमेंटची जाहिरात. दोन भाऊ, वाटणी, अंगणात भिंत चढतेय. आई गवंड्याला नुसतं बोटानं दाखवते : इथं एक वीट लावायची राहू दे. पुढच्या दृश्यात त्या भोकातून भाजीची वाटी इकडून तिकडे जाते. संपलं. मग सिमेंटची गोणी. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण, नाट्यशास्त्रातल्या पाचही संधी अर्ध्या मिनिटात. आई एक शब्द बोलत नाही.

हीच कथा मी लिहिली असती तर आजोबांपासून सुरू केली असती. जमीन कोणी घेतली, कोणत्या साली, तलाठ्याचं नाव काय.

६ जुलै, रविवार

जाहिरातींची वही केली. तीन दिवसांत बेचाळीस नोंदी. चहा, बिस्किटं, विमा, बनियन, गुडघ्याचं तेल. कोणीही स्वतःचं नाव सांगत नाही. कोणीही "त्याला आठवलं" म्हणत आठवत नाही. हातात पिशवी कशी धरली त्यावरून नोकरी गेल्याचं कळतं.

सौ. वृषालीला : "तुये मामा आजकाल बनियन पाहून रडतात." खोटं आहे. विम्याच्या वेळी जरासं.

त्याच धर्तीवर कथा लिहायला बसलो. नऊ पानं झाली. मूळ प्रसंग सातव्यावर. प्रगती म्हणायची.

११ जुलै, शुक्रवार

बाजारात बंडूसेठनं हाक मारली. भांड्यांचं दुकान. बेला, तामसीकडच्या बायका बसनं येतात त्या आधी याच्याकडे. त्याला लोकल केबलवर मराठीत जाहिरात पाहिजे. "समदे तेलुगूत टाकून राह्यले भाऊ. आपल्या बाया नुसत्या चित्रं पाहतात. तुमी लिहिता नं? मंग लिवा." वस्तू : स्टीलचा हॉटपॉट, पोळ्या गरम राहतात तो.

हो म्हटलं. घरी येऊन सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "चला, काईतरी छापून तं येईन." टीव्हीवर छापत नाहीत, हे सांगायचा धीर झाला नाही.

१६ जुलै, बुधवार

संहिता पूर्ण. अडीच पानं. पती कार्यालयातून श्रांत होऊन परततो, पत्नी दारी उभी, तिच्या प्रतीक्षेचं अन्नाच्या उष्णतेशी साधर्म्य दाखवणारं एक स्वगत.

केबलवाला श्रीनिवास. हाच कॅमेरा चालवतो, हाच बिल मागायला येतो. मोबाइलवर वेळ लावून त्यानं मला वाचायला सांगितलं. तीन मिनिटं दहा सेकंद. "सर, चालीस सेकंद बोला था. ये तो पिक्चर है."

दुपारी पुन्हा लिहिली. दोन मिनिटं. संध्याकाळी पुन्हा. दोन मिनिटं पाच सेकंद. कमी करताना वाढते कशी?

२० जुलै, रविवार

चित्रण. आमचंच स्वयंपाकघर. सकाळी दहाला बंडूसेठची सून नायिका म्हणून नटून आली, अकराला दिवा डोळ्यांवर आला तशी म्हणाली, "माह्याच्यानं नाही होत जी," आणि रिक्षा करून गेली. नायक म्हणून श्रीनिवासनं आपला राजेशम आणलेला. खांबावर चढून वायर ओढणारा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. मराठी शून्य.

वृषाली आत सातवीच्या वह्या तपासत होती. तिला ओढली. मंगळसूत्र पाहिजे. सौ.नं स्वतःचं काढायला साफ नकार दिला. लग्नाकार्यात मिरवायचं खोटं होतं ते कपाटातून दिलं.

मग माझं स्वगत. वृषालीनं दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा कागद ओट्यावर ठेवला.

"मामा, एवढं कोन बोलते घरात?"

"मग काय बोलेल ती? सांग."

राजेशमकडे तिनं एकदा पाहिलं. तो दारात चप्पल काढत होता, तालीम म्हणून. ती हात पदराला पुसत म्हणाली, "मी जेवली. तुमचं गरम हाय." आणि हॉटपॉट त्याच्याकडे सरकवून आत गेली.

श्रीनिवास ओरडला, "ओके! यही!"

राजेशमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला वाक्य कळलं नव्हतं, पण आपण कुठे उभे आहोत ते कळलं होतं.

मी म्हटलं, अगं, नवऱ्याच्या आधी? नायिकेचे आठ प्रकार आहेत. सजून वाट पाहणारी आहे, उशीर झाला म्हणून रुसलेली आहे, आधी जेवून घेणारी शास्त्रात नाही. वृषाली म्हणाली, "शास्त्रात हॉटपॉट तरी कुठी हाय?"

मनात मोजलं. चार शब्द आणि एक हाय. अडीच पानांचं मी काय करू?

२३ जुलै, बुधवार

राजेशमच्या तोंडी एकच वाक्य : "आज उशीर झाला गं." तो ते तेलुगूत म्हणतो. त्यावर मराठी आवाज माझा. म्हणजे ओठ त्याचे, उशीर माझा. सतरा वेळा म्हटलं. श्रीनिवास म्हणे, "सर, थोडा थका हुआ बोलो." सतराव्या वेळी वेगळं थकायची गरज उरली नव्हती.

२७ जुलै, रविवार

लागली. रात्री पावणेआठला, सौ.च्या मालिकेच्या बरोबर मधे. चाळीस सेकंद, वर दुकानाचा पत्ता. सौ. नंतर पोळ्या करताना एकटीच हसली. वृषाली पाहायला आलीच नाही, म्हणाली वह्या राहिल्यात.

राजेशमच्या बायकोनं मुलींच्या हाती लाडू पाठवले. कशाबद्दल ते कळलं नाही. नवरा एकदाचा उशिरा आल्याबद्दल माफी मागताना दिसला म्हणून असेल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तामसीच्या बसमध्ये होतो, रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी. मागे दोन बायका. एक : "मंग, घरी जाऊन सैपाक?" दुसरी : "मी जेवली. तुमचं गरम हाय." दोघी खिदळल्या. कंडक्टरसुद्धा.

अठ्ठावीस वर्षांत माझं एक वाक्य कोणी बसमध्ये म्हटलेलं नाही. हेही माझं नाही.

रात्री लिहायला बसलो. सहा पानं. पहिल्या ओळीला तो दारात, शेवटच्या ओळीला ती हे बोलते. मधे काय आहे ते मलाही नीट माहीत नाही, पण हात थांबला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सुमनचा फोन. ओरडतच. "दादा, काय करून ठेवलं तू? पांढरकवड्याच्या पोराची आत्या बेल्यात राहते. तिनं टीव्हीवर पाह्यलं. तिकडं फोन केला का पोरगी लग्न झालेली हाय, गळ्यात मंगळसूत्र हाय, नवरा काळासावळा हाय!"

"अगं, तो राजेशम. केबलचा."

"मले काय त्याचं नाव सांगतं? त्यायले सांग!"

खुलाशाचं काम माझ्याकडे. माझ्याच जाहिरातीचा, माझ्याच आवाजाचा. उद्या.

४ ऑगस्ट, सोमवार

मुलाच्या वडिलांना फोन केला. विठ्ठलराव. मृदू माणूस. झालेलं बोलणं आठवतं तसं :

"ते जाहिरातीतलं आहे हो. मुलगी अविवाहित आहे. मंगळसूत्र खोटं."

"अस्सं. आन तो मानूस?"

"तेलुगू आहे. केबलच्या ऑफिसात असतो. बायको आहे त्याला."

"मंग तेलुगू मानूस मराठी एवढं सोच्च कसा बोलते?"

"तो आवाज माझा आहे."

त्यांनी हिशेब लावला. मग : "म्हंजे नवरा दुसरीचा, आवाज मामाचा." पलीकडे कोणी बाई काही म्हणाल्या. ते म्हणाले, "लग्नाचं समजलं जी. पन आमच्या घरच्यायले ते वाक्य खटकलं. पोरगी खरंच असं बोलते का घरी?"

आणि मी म्हटलं, "छे, वाक्य माझं आहे. मी लेखक आहे. तिनं फक्त म्हटलं."

"अस्सं, अस्सं," म्हणाले. सुटल्यासारखे. मलाही सुटल्यासारखं वाटलं. फोन ठेवल्यावर चहा मागितला.

९ ऑगस्ट, शनिवार

सहा पानं संपादकांना पाठवली. बातमी : कापसाच्या दुबार पेरणीवर बत्तीस ओळी. आल्या पाच.

१० ऑगस्ट, रविवार

सुमन, आज शांत. म्हणजे काही तरी पाहिजे. पांढरकवड्याची मंडळी तयार आहेत. पितृपक्षाच्या आधी बघून ठरवू म्हणतात. एकच म्हणणं : जाहिरात बंद झाली पाहिजे. मुलाची आई म्हणे, होणारी सून रोज रात्री समद्या गावाच्या देखत आधी जेवून घेते, बरं दिसत नाही.

"वृषालीला विचारलंस?"

"तिले काय विचारायचं? तिचं लग्न नाही का हे?"

या वाक्याचा अन्वय लावत बसलो होतो. तोवर तिनं फोन ठेवला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बंडूसेठकडे. ऐकत नाही. "भाऊ, बाया दुकानात येऊन काय म्हनतात मालूम हाय का? 'मी जेवली'वाला डबा दाखवा म्हनतात. कंपनीचं नाव कोनी घेत नाही. आन तुमी म्हनता बंद करा!"

मी साहित्याच्या सामाजिक जबाबदारीबद्दल बोललो. त्यानं मला खुर्ची दिली आणि गिऱ्हाइकाकडे गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा. या वेळी सरळ सांगितलं : पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. बंडूसेठ एकदम उठून उभा राहिला. "मंग पहिलेच नाही का सांगाचं? लेकीच्या लग्नाहून मोठा का धंदा हाय?" तिथूनच श्रीनिवासला फोन. गणपतीसाठी नवी जाहिरात तशीही करायचीच होती म्हणाला. पंचवीस तारखेपासून ही बंद.

जमलं. फार दिवसांनी काही जमलं. घरी येताना सौ.साठी गजरा घेतला. ती म्हणाली, "काय लपवून राह्यले?"

१७ ऑगस्ट, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

जेवताना मी सांगितलं. सगळंच, क्रमानं, बातमीसारखं. पांढरकवडा, विठ्ठलराव, आईंची अट, बंडूसेठ. शेवटी जाहिरात बंद, काळजी मिटली. टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण निदान वरण वाढेल असं वाटलं होतं.

वृषालीनं हात धुतले. परत येऊन बसली.

"त्यायनं विचारलं का मी घरी असं बोलते, तवा तुमी काय म्हनलं?"

सांगितलं.

"वाक्य तुमचं म्हनून सांगितलं?"

"अगं, तुझ्यासाठीच. तुझ्यावर येऊ नये म्हणून."

तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं :

"मामा, अकरा जन पाह्यला आले. रंग पाह्यला, उंची पाह्यली, नोकरी पक्की हाय का ते पाह्यलं. मी काय बोलते ते कोनालेच नाही लागलं. पयल्यांदा कोनीतरी माह्या बोलन्यावर काई बोललं. वाईट का होईना, बोललं. आन ते तुमी तुमच्या नावावर लावून टाकलं."

सौ. ताट घेऊन उठली. जाता जाता माझ्याकडे पाहिलं. या वेळी ताप मोजायचं नव्हतं.

मी म्हटलं, जाहिरात परत सुरू करायला सांगतो. वृषाली म्हणाली, "जाहिरात बंद होवो का चालू राहो, मले काय करायचं? त्यायले फोन करा. सांगा का वाक्य पोरीचं हाय, आन ते ती घरी पन बोलते. मंग यायचं तं या म्हना."

"आणि नाही आले तर? सुमन मला..."

"मंग नाही आले."

१८ ऑगस्ट, सोमवार

आजच यायचं होतं. संपादक : "कथा स्वीकारली. शेवटच्या वाक्यानं थरारलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही स्वतःच्या आवाजात लिहिलंत."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

वृषालीला दाखवलं. लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, तू म्हणशील तर मागे घेतो, कळवतो की वाक्य भाचीचं आहे. तिनं पूर्ण वाचलं, कथासुद्धा. म्हणाली, "छापू द्या. कथेत काय, चालते तसं. दुसरं पान काऊन हाय पन?" का म्हणजे? दुसरं पान मला सगळ्यात आवडतं. मग म्हणाली, "फोन केला का?"

म्हणजे साहित्यचौर्य माफ, फोन नाही. चार वर्षांत पहिली कथा लागली आणि घरात तिची किंमत 'चालते तसं'. तक्रार करायची तर कोणत्या तोंडानं?

२० ऑगस्ट, बुधवार

फोन केला नाही. मसुदा केला. "महोदय, पूर्वसंभाषणात अनवधानानं..." फाडला. अनवधानानं नव्हतं. खरं तर काय होतं? तिला वाचवत होतो हे खरं. पण बसमधल्या त्या बायकांचं हसू आठवत होतं हेही खरं. "मी लेखक आहे" असं मी कशाला म्हणालो? त्यांनी विचारलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बातमीसाठी बेल्यात. बैल सजलेले, तोरणाखाली गर्दी, मी फोटो काढत असताना सुमननं गाठलं. पुरणपोळी ताटात आणि टोमणे सोबत. वृषालीनं तिलाही सांगितलेलं दिसतं.

"तू फोन नाही करायचा दादा. माही शपथ हाय. एका वाक्यासाठी स्थळ घालवतं का?"

"तिचं वाक्य आहे, सुमे."

"वाक्यासोबत संसार करते का कोनी?"

पोळी खाल्ली. आत्याबाई, त्या मुलाच्या, समोरच्याच आळीत राहतात. ओट्यावरून मला निरखत होत्या. बहुधा आवाज जुळतो का ते ऐकायचं होतं. म्हणून एक शब्द बोललो नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

जाहिरात बंद झाली. पावणेआठला नवी : मोदकपात्र, नायिका बंडूसेठची सून, धीर आलेला दिसतो. चाळीस सेकंद नुसती हसते.

वृषाली माझ्याशी बोलते. कामापुरतं. "मामा, गॅसवाला आला." "मामा, चष्मा टीव्हीवर हाय." भांडली असती तर बरं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपती बसले काल. आरतीला वृषाली शेजारी उभी. टाळ वाजवता वाजवता, माझ्याकडे न पाहता : "दहा दिवसांनी पितृपक्ष लागते." बस.

दोनदा नंबर काढला. एकदा लागला, पहिल्याच घंटेला कापला. इतरांना फोन करून प्रतिक्रिया विचारणं हा माझा धंदा. आमदाराला विचारलंय, पोलिसांना विचारलंय.

३० ऑगस्ट, शनिवार

केला.

सकाळी साडेनऊला, उभ्यानं. वृषाली शाळेत जायला निघाली होती, तिला म्हटलं थांब. तिच्यासमोर.

"विठ्ठलराव, मागे मी एक चुकीचं सांगितलं. ते वाक्य माझं नव्हतं. वृषालीचं आहे. मी अडीच पानं लिहिली होती, तिनं ती बाजूला ठेवली आणि ते म्हटलं. आणि घरी पण ती तसंच बोलते. भूक लागली तर जेवते. जाहिरात बंद झालीय, पण ती दुकानदाराची गणपतीची नवी आली म्हणून. तुमच्यासाठी बंद करायला मी गेलो होतो, हे खरं आहे. तिनं सांगितलं नव्हतं."

चाळीस सेकंद झाले असतील. जास्त नाही.

पलीकडून, "अस्सं." मग, "घरात विचारून सांगतो जी." आवाज मृदूच होता, पण 'जी' जरा लांबला.

वृषालीनं पर्स खांद्याला लावली. दारातून म्हणाली, "ते भुकेचं तुमी तुमच्याच मनानं जोडलं." आणि गेली. हसली होती का? पाठ होती, दिसलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

पांढरकवड्याहून काही नाही. सुमननं बोलणं टाकलंय, निरोप सौ.च्या फोनवर येतात, "त्यायले सांगा" असे. विचारून सांगतो म्हणजे नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी जाणत नाही असं दाखवत फोन उशाशी घेऊन झोपतो.

बारावं स्थळ माझ्यामुळे गेलं का तिच्यामुळे, का कोणाचंच कारण नाही. सौ. म्हणते, "तुमाले सगळ्याचं कर्तृत्व पायजेच का?" बोचलं.

संपादकांचा निरोप : दुसरं पान गाळतोय. जागा नाही.

६ सप्टेंबर, शनिवार. विसर्जन

उद्यापासून पितृपक्ष. दुपारपासून मिरवणुका. पाचपर्यंत बातमी पाठवायची होती. फोटो फोनमध्ये, मजकूर फोनमध्ये. चार वाजता फोन वाजला, अनोळखी नंबर.

"नमस्कार. मी प्रशांत बोलतो, पांढरकवड्याहून. वृषालीताई... वृषाली आहेत का?"

स्वतः मुलगा. विठ्ठलराव नाही, आई नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि, लिहून ठेवतो कारण सहसा घडत नाही, मिटलं. फोन तिला दिला.

ती गच्चीवर गेली. खालून डीजे. मी जिन्याच्या तोंडाशी झाडू शोधत होतो. झाडू तिथे कधीच नसतो. सौ.नं हाताला धरून आत आणलं. पण खालचा आवाज मधे जरा थांबला तेव्हा दोनदा ऐकू आलं. एकदा वृषाली मोठ्यानं हसली. एकदा म्हणाली, "नाही, ते मी नाही बदलनार. तुमी तुमच्या आईले..." पुढचं ढोलाखाली गेलं.

चार चाळीस. पाच. पाच दहा. दैनिकाचा माणूस मला फोन लावत असणार, व्यस्त, व्यस्त.

पाच वीसला खाली आली. चेहऱ्यावर काही सापडेना. फोन माझ्या हातात दिला.

"काय म्हणाले?"

"उद्यापासून पितृपक्ष लागते म्हने. पंधरा दिवस नुसतं फोनवर बोललं तं चालते का, विचारून राह्यले होते."

"मग तू काय सांगितलं?"

"बोलाले कोनता पक्ष लागते, म्हनलं." आणि देवघराकडे गेली, आरतीचं ताट आवरायला.

"पण म्हणजे हो का नाही?"

"मले काय मालूम मामा. आत्ताशी तं एक घंटा झाला."

बातमी पाठवायला बसलो तोच सुमन. माझ्याच फोनवर, स्वतःहून, इतक्या दिवसांनी. आत्याबाईंनी कळवलेलं दिसतं.

"हो म्हनली का?"

"ठाऊक नाही."

"तो येतो म्हनला का?"

"ठाऊक नाही."

"आई मानली का त्याची?"

"नाही गं ठाऊक."

"मंग तू तिथं घरात बसून करतं काय?"

विसर्जनाची बातमी पाठवून राह्यलो, म्हटलं.